जे रोमन नाही ते गॉथिक

टेक्ससमधल्या प्लेनोत गाडी चालवणारा प्रत्येक मराठी माणूस रोज गॉथिक वाचतो. रस्त्याकडेच्या वेगमर्यादेच्या पांढऱ्या पाटीवर जी काळी अक्षरे असतात, त्यांच्या वळणाला बोलीत ‘हायवे गॉथिक’ म्हणतात. टेक्ससने २००४ नंतर मोठ्या हिरव्या फलकांसाठी ‘क्लिअरव्ह्यू’ नावाचे नवे वळण पुष्कळ वापरले. पण त्याला परवानगी होती ती गडद पाटीवरच्या फिकट अक्षरांपुरती, त्यामुळे वेगमर्यादा गॉथिकातच राहिली. सरळ, साधी, कुठेही टोक न फुटलेली ही अक्षरे. त्याच घरातली मुलगी हायस्कूल संपवते तेव्हा डिप्लोमावर शाळेचे नाव बहुतेकदा दाट, काळ्या, अणकुचीदार अक्षरांत छापलेले असते. त्या अक्षरांनाही गॉथिकच म्हणतात. हीच मुलगी दोन वर्षांपूर्वी काळे कपडे, काळी लिपस्टिक आणि चांदीच्या साखळ्या घालून फिरत असेल, तर ती ‘गॉथ’ होती. तिच्या इंग्रजीच्या तासाला ‘फ्रँकेन्स्टाइन’ शिकवली, तर ती गॉथिक कादंबरी. आणि सुट्टीत आजोळी मुंबईला गेल्यावर बोरीबंदर स्टेशनासमोर उभे राहून मामा सांगतो, हे गॉथिक.

एका शब्दाचे इतके अर्थ, आणि एकाचे दुसऱ्याशी तोंड मिळत नाही. मला मात्र यात एक धागा दिसतो, आणि तो इतिहासातून तपासता येतो. ज्यांना कोणी ‘गॉथिक’ म्हटले त्या बहुतेक गोष्टींत समान एवढेच होते की त्या रोमन नव्हत्या. रोमला आदर्श मानणाऱ्यांनी जे जे आपल्यात बसेना त्याला हे नाव दिले. मग पुढच्या पिढ्यांनी तीच शिवी अभिमानाने मिरवली.

पण आधी ज्यांचे नाव वापरले गेले त्या माणसांकडे जाऊ.

गॉथ ही जर्मानिक कुळातली टोळी. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये बसून योर्डानेस या लेखकाने लिहिले की गॉथ स्कँडिनेव्हियातून तीन जहाजांतून निघाले. पुराव्यांनी खात्रीने दिसतात ते इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, आजच्या पोलंडच्या बाजूला, आणि नंतर काळ्या समुद्राच्या उत्तरेला. त्यांच्या नावाचे मूळ ‘ओतणे’ या अर्थाच्या धातूत आहे असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तोच आद्य धातू संस्कृतात ‘हु’ झाला, ज्यातून आपल्याकडे होम, हवन आणि आहुती आली. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलो तर गॉथ आणि होम शेजारी भेटतात.

३७६ साली हूणांच्या रेट्याने गॉथ डॅन्यूब ओलांडून रोमन हद्दीत शरण आले. रोमन अधिकाऱ्यांनी त्यांना उपाशी ठेवले, लुबाडले. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट ३७८ रोजी, एड्रियानोपलच्या लढाईत त्याच गॉथांनी रोमन सैन्य कापून काढले आणि सम्राट वॅलेन्स मारला गेला. २४ ऑगस्ट ४१० रोजी अलॅरिकच्या नेतृत्वाखाली ते रोम शहरात शिरले आणि तीन दिवस लूट चालली. युरोपच्या स्मरणात गॉथ कायमचे कोरले गेले ते या तीन दिवसांमुळे.

त्यापुढचे फारसे कोणी सांगत नाही. ४९३ पासून ५२६ पर्यंत इटलीवर थिओडोरिक या गॉथ राजाने राज्य केले. त्याने रोमन कायदा ठेवला, रोमन विद्वानांना दरबारी नेमले, पडझड झालेल्या रोमन इमारती दुरुस्त करवल्या. रावेन्नात त्याची कबर अजून उभी आहे. सुमारे दहा मीटर व्यासाच्या एकाच अखंड दगडाचे छत आहे तिला. खऱ्याखुऱ्या गॉथ राजाने बांधवलेल्या या वास्तूत कमानी आहेत त्या रोमन पद्धतीच्या, अर्धगोल. शास्त्रानुसार ती गॉथिक नाही.

त्यांची भाषा आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः एका माणसामुळे. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने गॉथांसाठी लिपी घडवली आणि बायबल भाषांतरित केले. त्याची सर्वांत देखणी प्रत, जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईत लिहिलेली, आज स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात आहे. त्या पानांत मराठी माणसाला ओळखीचे चेहरे दिसतात. ‘नामो’ म्हणजे नाव. ‘विदुवो’ म्हणजे विधवा. ‘युक’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू. ‘आहताउ’ आठ, ‘निउन’ नऊ. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असे प्रसिद्ध विधान केले, तेव्हा त्याच ओघात गॉथिकचेही नाव घेतले होते. त्याला अभिप्रेत होता तो जर्मानिक भाषांचा सगळा गोतावळा. इंग्रजी त्यातच येते. प्लेनोतले मूल घरी ‘नाव’ आणि शाळेत ‘नेम’ म्हणते, ते एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत.

गॉथ स्वतः महाराष्ट्रात पोचले होते का, या प्रश्नासाठी आता जुन्नर. नाणेघाट चढून पुढे गेल्यावर लागणारे हे गाव सातवाहनांच्या काळात व्यापाराची मोठी पेठ होते. कल्याण आणि सोपाऱ्याला उतरलेला पश्चिमेकडचा माल घाट चढून इथे येई. गावाभोवतीच्या डोंगरांत शेकडो लेणी कोरलेली आहेत आणि तिथल्या प्राकृत शिलालेखांत काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. त्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. दोघांच्याही नावापुढे ‘गतानं’ असा शब्द आहे, म्हणजे ‘गतांपैकी’. हे गत कोण? नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनो यांनी १९१२ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सुचवले की हे गत म्हणजे गॉथ, आणि इरिल हे नाव उत्तर युरोपातल्या रून लेखांतल्या ‘एरिल’शी जुळते.

कल्पना मोहक आहे. मलाही ती खरी असावी असे वाटत राहते. पण बहुतेक अभ्यासकांनी ती स्वीकारलेली नाही, आणि कारणे वजनदार आहेत. लेख साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले, तेव्हा गॉथ बाल्टिक समुद्रापासून काळ्या समुद्राकडे सरकण्याच्या बेतात होते. ‘यवन’ हा शब्द प्रथम ग्रीकांसाठी आणि मग एकूणच पश्चिमेकडून आलेल्यांसाठी वापरला जाई, आणि ‘गत’ हे एखाद्या कुळाचे, गटाचे किंवा गावाचे नाव असू शकते. तरीही मला कोनोंच्या लेखाचे महत्त्व वाटते. जुन्नरच्या दगडावर कोरलेल्या एका षष्ठी विभक्तीच्या रूपासाठी युरोपचा नकाशा उलगडून बसणारा माणूस तिथे दिसतो. जुन्नरला जाणारे बहुतेक जण शिवनेरी पाहून परततात. लेण्यांतले हे यवनांचे लेख पाहण्याइतका वेळ त्यांनी काढावा.

शिवी सुरू झाली ती गॉथांचे शेवटचे राज्य बुडाल्यानंतर सात-आठशे वर्षांनी. इटलीतल्या विद्वानांनी पुन्हा रोमकडे पाहायला सुरुवात केली होती. पंधराव्या शतकात लोरेन्झो वाल्लाने मधल्या काळातल्या दाट लेखनाला गॉथिक ठरवले. १५५० साली जॉर्जो वासारीने कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली, त्यात उत्तरेकडून आलेल्या टोकदार इमारतींना राक्षसी आणि बेशिस्त म्हटले आणि त्यांचे खापर गॉथांवर फोडले. रोम लुटणाऱ्यांनीच ही घाणही केली असणार, एवढाच त्यामागचा तर्क. ज्या पद्धतीला तो नावे ठेवत होता ती जन्मली फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात अ‍ॅबट सुगेरने गर्भभाग नव्याने बांधवला, त्याचे अर्पण ११ जून ११४४ रोजी झाले. इतिहासकार तिथून गॉथिकची सुरुवात धरतात. ती बांधणाऱ्यांनी तिला गॉथिक म्हटले नव्हते. तेराव्या शतकातल्या एका जर्मन नोंदीत तिचा उल्लेख ‘फ्रेंच काम’ असा आहे.

या पद्धतीतली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरून जाते. दहा फूट रुंद कमान पाच फूटच उठणार. दोन वर्तुळखंड वर टोकाशी भेटवले की हे बंधन सुटते, आणि रुंद आणि अरुंद कमानी एकाच उंचीला नेता येतात. शिवाय टोकदार कमान भार जास्त खाली आणि कमी बाजूला ढकलते. छताचे वजन दगडी फासळ्यांवरून ठरावीक खांबांत उतरवायचे आणि बाजूचा रेटा पेलायला भिंतीबाहेर झुकते टेकू द्यायचे. मग खांबांमधल्या भिंतीला काही उचलायचे उरत नाही. तिथे काच बसवता येते. उत्तर युरोपच्या अंधाऱ्या हिवाळ्यात देवळात उजेड आणण्याचा हा उपाय होता. वासारीला दिसला तो फक्त गोंधळ.

अक्षरांचेही असेच. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास छापलेले बायबल दाट काळ्या अक्षरांत आहे, कारण तेव्हाचे लेखनिक तसेच लिहीत. इटालियन मानवतावाद्यांनी जुन्या हस्तलिखितांवरून मोकळे, गोलसर वळण घेतले आणि त्याला रोमचे मानले. त्यातून मुद्रणाचा ‘रोमन’ टाइप निघाला आणि दुसरा राहिला तो गॉथिक. जर्मनीत तो विसाव्या शतकापर्यंत रोजच्या वापरात होता. जानेवारी १९४१ मध्ये नाझी राजवटीनेच, तो ज्यूंचा आहे असा धादांत खोटा आरोप करून, तो बंद केला. अमेरिकेत वेगळेच घडले. १८३७च्या सुमारास बोस्टनच्या एका छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने बिनटोकाच्या जाड अक्षरांना गॉथिक नाव दिले. ती कागदावर काळीभोर दिसत, आणि रोमन तर नव्हतीच. नाव चिकटले. फ्रँकलिन गॉथिक (१९०२), सेंच्युरी गॉथिक, आणि प्लेनोची वेगमर्यादा ही त्याचीच संतती. जपानी छपाईतही अशा अक्षरांना ‘गोशिक्कु’ म्हणतात.

कादंबरीकडे हा शब्द कसा वळला ते थोडक्यात. होरेस वॉलपोल या इंग्रज श्रीमंताने लंडनजवळ आपले घर मध्ययुगीन किल्ल्यासारखे सजवले, आणि १७६४च्या अखेरीस एका शापित किल्ल्याची कादंबरी छापली. दुसऱ्या आवृत्तीत तिला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले. त्याला म्हणायचे होते ‘मध्ययुगातली कथा’. वाचकांनी मात्र त्या शब्दात भुयारे, शाप आणि मृतांचा वावर भरला. १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ आली, १८९७ साली ‘ड्रॅक्युला’. आपल्याकडे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी हेच काम मराठी मातीत केले. किल्ल्याच्या जागी वाडा आला आणि सरदाराच्या पापाच्या जागी घराण्यातला जुना दोष. १९७९ नंतर ब्रिटनमधल्या काही बँडच्या काळोख्या संगीताला गॉथिक म्हणू लागले आणि काळे कपडे त्यासोबत आले. त्या मुलांना मृत्यू, दुःख आणि जुन्या कविता आवडतात. आईवडिलांनी घाबरून जावे असे त्यात मला काही दिसत नाही.

मुंबईत गॉथिक आले तोवर शिवी पुरती उलटली होती. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनचे पार्लमेंट जळाले आणि नवी इमारत गॉथिक पद्धतीत बांधली गेली. रोमन खांब परके आणि टोकदार कमान आपली, ख्रिस्ती, स्वातंत्र्यप्रेमी पूर्वजांची, असे इंग्रज मानू लागले होते. मुंबईत हा बदल डोळ्यांनी दिसतो. १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल ग्रीक खांबांचा आहे. १८५८ साली अर्पण झालेले कुलाब्याचे अफगाण चर्च गॉथिक आहे. आणि १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने कोटाच्या भिंती पाडल्या तेव्हा मोकळ्या झालेल्या मैदानालगत एकामागून एक गॉथिक इमारती उभ्या राहिल्या: सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट.

यामागच्या पैशाचा माग प्लेनोच्या बाजूला येतो. इथली जमीन काळी, चिकट, कापसाची. टेक्ससच्या या पट्ट्याला ‘ब्लॅकलँड प्रेअरी’ म्हणतात. वऱ्हाडातून आलेल्या माणसाला ती पहिल्याच पावसात ओळखू येते. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, त्यात टेक्ससचे गॅल्व्हेस्टनही होते. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून खानदेश-वऱ्हाडचा आणि गुजरातचा कापूस मुंबईतून सोन्याच्या भावाने गेला. या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि प्रेमचंद स्वतः बुडाले, पण २८० फुटांचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही.

आराखडा लंडनचा, दगड मात्र कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा, आणि हातही इथलेच. टॉवरवर वरच्या अंगाला पश्चिम भारतातल्या जातीजमातींच्या चोवीस मूर्ती आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे बोरीबंदर स्टेशनाचे, काम १८७८ ते १८८८ चालले. त्यात त्याच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते, आणि कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. त्यांनी खांबांवर मोर, माकडे, मुंगूस आणि इथली पाने-फुले काढली. हायकोर्टाच्या एका खांबावर तर एका डोळ्याला पट्टी बांधलेले माकड न्यायाचा तराजू धरून बसले आहे. हवामानानेही बदल घडवला. फ्रान्समध्ये उजेड आत घेण्यासाठी जन्मलेल्या कमानीमागे इथे खोल व्हरांडे आले, कारण इथे ऊन बाहेर ठेवायचे होते.

इंग्रज कलासमीक्षक रस्किनने १८५०च्या दशकात लिहिले होते की गॉथिकचे खरे मोल पाथरवटाला मिळणाऱ्या मोकळिकीत आहे. तो ते इंग्लंडच्या मजुरांसाठी लिहीत होता. माझ्या मते त्याचे म्हणणे बोरीबंदरच्या खांबांवर जास्त खरे ठरले, जरी मोठे नाव लागले ते स्टीव्हन्सचे आणि वैद्यांचे नाव गॅझेटियरच्या बारीक टाइपात राहिले. २०१८ साली मैदानालगतच्या गॉथिक इमारतींचा समूह आर्ट डेको इमारतींसह जागतिक वारसा यादीत गेला. बोरीबंदरला जाणाऱ्याने मान वर करून मोरांकडे बघावे.

प्लेनोत राहणाऱ्याला खरे गॉथिक पुनरुज्जीवन पाहायचे तर डार्ट या स्थानिक रेल्वेच्या लाल मार्गाने डॅलसच्या पर्ल स्टेशनवर उतरावे. जवळच ग्वादालुपेचे कॅथीड्रल आहे, लाल विटांचे. त्याचा आराखडा गॅल्व्हेस्टनच्या निकोलस क्लेटनने केला. ते १९०२ साली खुले झाले तेव्हा मनोरा बांधायला पैसे नव्हते. तो क्लेटनच्याच कल्पनेनुसार २००५ साली पुरा झाला, ४९ घंटांसह.

या कॅथीड्रलच्या टोकदार कमानींशी गॉथांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो आत प्रार्थनेला बसलेल्यांच्या आडनावांत. पश्चिम गॉथांनी ७११ पर्यंत स्पेनवर राज्य केले. त्यांची भाषा तिथे मेली, नावे टिकली: रॉड्रिगो, फर्नांडो, गोन्झालो, आल्फोन्सो. त्यातून रॉड्रिगेझ, फर्नांडेझ, गोन्झालेझ ही आडनावे झाली आणि स्पॅनिश बोटींतून मेक्सिकोमार्गे टेक्ससला आली. त्याच नावांची पोर्तुगीज रूपे, रॉड्रिग्ज, फर्नांडिस आणि गोन्साल्विस, सोळाव्या शतकात गोव्यात मांडवीच्या काठी उतरली. प्लेनोतल्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटात गोव्याचा रॉड्रिग्ज आणि मेक्सिकोचा रॉड्रिगेझ एकाखाली एक येतात, तेव्हा दोघेही एकाच गॉथ नावाचे वारस असतात. त्या नावाचा पहिला भाग म्हणजे कीर्ती. दुसरा ‘रीक्स’, आणि तो आपल्या ‘राजा’चा सख्खा भाऊबंद आहे.